फ्रीझरचे दुखणे : ओळखावे कसे, सांभाळावे कसे?



मे महिन्यात बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याही घरात डोकावून बघा. पारा चाळिशीच्या पुढे आणि घरातला सगळ्यात बिझी मेंबर कोण, तर फ्रिज! त्यातही फ्रीझर. कुणाकडे भिगवणच्या बाजारातून आणलेले मासे, कुणाकडे उरलेला आमरस, कुणाकडे शेजारच्या लग्नासाठी जमवलेला बर्फ. आणि नेमका याच दिवसांत तो बिघडतो. मग फोन जातो फ्रिजवाल्याला. तो येतो, मागे हात लावून बघतो आणि एकच वाक्य म्हणतो, "गॅस गेलाय."

खरंच गॅस गेलाय का? की नुसता दरवाजा नीट लागत नाहीये? की व्होल्टेज नाहीये? हे घरातल्या कुणालाच माहीत नसते, म्हणून आपण पैसे काढून देतो. आपण मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलवाले 'सीओपी' आणि 'पी-एच डायग्राम' पाठ करून पेपर लिहितो, पण घरचा फ्रीझर बंद पडला की आई आपल्याकडे बघते आणि आपण छताकडे! म्हणून हा लेख. यात फॉर्म्युले थोडे आहेत, पण ते परीक्षेसाठी नाहीत. कुठली तक्रार घरी सुटते, कुठल्या तक्रारीला मेकॅनिक लागतोच आणि त्याला काय विचारायचे, एवढे समजले तरी पुष्कळ झाले.

फ्रीझर करतो तरी काय?

पहिली गोष्ट म्हणजे फ्रीझर 'थंडी तयार' करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मोटार लावून वर काढतो ना, तसेच. उष्णता आपणहून गरम जागेकडून गार जागेकडे जाते, तिला उलट्या दिशेने न्यायचे तर काम करावे लागते. ते काम करतो कॉम्प्रेसर, म्हणजे मागे खाली असलेला तो काळा डबा.

कॉम्प्रेसर गॅस दाबतो. दाबलेला गरम गॅस कंडेन्सरमध्ये जातो, म्हणजे मागच्या काळ्या जाळीत. तिथे तो खोलीतल्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो. मग फिल्टर-ड्रायरमधून जाऊन तो केसासारख्या बारीक नळीत, म्हणजे कॅपिलरीत शिरतो. नळीतून बाहेर पडताना त्याचा दाब एकदम कमी होतो, तो उकळू लागतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या सामानातून खेचतो. ही जागा म्हणजे इव्हॅपोरेटर, आपला फ्रीझर. मग गॅस परत कॉम्प्रेसरकडे, आणि पुन्हा तेच चक्र.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हे सगळे चक्र सीलबंद असते. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळालाच आहे. या एका वाक्यात या लेखाचे निम्मे काम आहे.

आणखी एक बारीक मुद्दा. सगळे फ्रीझर सारखे गार नसतात. अन्न महिनोन् महिने टिकवायचे तर उणे १८ अंश सेल्सिअस लागतात. फ्रीझरच्या कप्प्यावर काही वेळा चांदण्या छापलेल्या असतात. एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८. वीज बचतीच्या लेबलवरचे स्टार वेगळे, त्यांचा याच्याशी संबंध नाही. त्यामुळे साध्या सिंगल डोअर फ्रिजच्या कप्प्यात आइस्क्रीम दगडासारखे घट्ट होत नसेल, तर तो बिघाड असेलच असे नाही. त्याची ऐपतच तेवढी असू शकते!

तक्रार पहिली : अजिबात चालू होत नाही

आधी डोके शांत ठेवा. आतला दिवा लागतो का ते बघा. लागत नसेल तर प्लग काढून त्याच सॉकेटवर टेबल लॅम्प किंवा मोबाईलचा चार्जर लावून बघा. बऱ्याचदा सॉकेटच जळालेले असते, नाहीतर पिन ढिली असते. प्लगची पिन काळी पडली असेल किंवा गरम लागत असेल तर तो प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला.

स्टॅबिलायझर असेल तर त्याचे दिवे बघा. लाईट आल्यावर चांगला स्टॅबिलायझर लगेच करंट सोडत नाही, तीन ते पाच मिनिटे थांबतो. त्याला 'टाइम डिले' म्हणतात आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. घाईघाईने त्याला थापडा मारू नका!

दिवा लागतो पण कॉम्प्रेसरचा आवाज नाही, असे असेल तर थर्मोस्टॅटचे बटण 'ऑफ'वर किंवा 'डीफ्रॉस्ट'वर गेलेय का ते पाहा. साफसफाई करताना ते हमखास फिरते. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज असेल तर अर्धा तास थांबा. डीफ्रॉस्ट चालू असताना कॉम्प्रेसर बंदच असतो.

तक्रार दुसरी : 'टक्... टक्' आवाज येतो आणि बंद पडतो

ही आपल्या भागातली नंबर एकची तक्रार. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो, 'हूं' असा आवाज येतो, काही सेकंदांत 'टक्' होते आणि सगळे शांत. थोड्या वेळाने पुन्हा तेच. हा 'टक्' आवाज ओव्हरलोड प्रोटेक्टरचा असतो. तो मोटारीला जळण्यापासून वाचवत असतो, म्हणून त्याच्यावर रागवू नका. तो का उडतोय ते शोधा.

बहुतेक वेळा कारण असते लो व्होल्टेज. शेतीपंपांची थ्री-फेज लाईन ठराविक तास येते. ती आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी ऑटो-स्विचमुळे एकदम सुरू होतात. जिथे घर आणि मोटारी एकाच डीपीवर आहेत, तिथे घरातला बल्ब तेवढ्या वेळात पिवळा पडतो. नियमाप्रमाणे घरात २३० व्होल्ट, आणि त्यात सहा टक्के कमी-जास्त, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट मिळायला हवेत. पण वस्तीवर १७० व्होल्ट दिसले तर कुणाला आश्चर्य वाटत नाही.

आता गणित बघा. इंडक्शन मोटारीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १७० भागिले २३० म्हणजे ०.७४. त्याचा वर्ग केला की ०.५५. म्हणजे व्होल्टेज चौथा हिस्सा कमी झाले तर सुरू होण्याची ताकद जवळजवळ निम्मी होते! मोटार फिरतच नाही, पण करंट मात्र नेहमीच्या कित्येक पट खेचते. अशी अडकलेली मोटार म्हणजे नुसता हीटर. हे दिवसातून दहा वेळा झाले तर वाइंडिंगचे इन्सुलेशन हळूहळू भाजत जाते आणि एक दिवस कॉम्प्रेसर कायमचा जातो. फ्रिजमधला सगळ्यात महाग पार्ट तोच.

हेच लाईट जाऊन लगेच आल्यावरही होते. कॉम्प्रेसर थांबल्यावर त्याच्या एका बाजूला जास्त दाब असतो आणि दुसऱ्या बाजूला कमी. कॅपिलरीतून हे दाब सारखे व्हायला काही मिनिटे लागतात. त्याआधीच लाईट आली तर मोटारीला दाबाविरुद्ध उठावे लागते. स्टॅबिलायझरचा 'टाइम डिले' त्यासाठीच असतो. स्टॅबिलायझर नसेल तर उपाय फुकटचा आहे. लाईट गेली की प्लग काढा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावा.

मग काय करायचे? मल्टीमीटर असेल तर कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज बघा. (मीटर वापरता येत असेल तरच! नाहीतर वायरमनला बोलवा.) व्होल्टेज नीट असूनही 'टक् टक्' थांबत नसेल तर स्टार्टिंग रिले किंवा ओव्हरलोड खराब झालेला असू शकतो. हे दोन्ही पार्ट कॉम्प्रेसरच्या बाजूला छोट्या झाकणाखाली असतात आणि कॉम्प्रेसरच्या मानाने अगदी स्वस्त असतात. त्यामुळे कुणी थेट "कॉम्प्रेसर गेलाय" म्हणाले तर आधी रिले बदलून बघायला सांगा.

आणि वाइंडिंगची एक टेस्ट आपल्यासारख्यांसाठी. प्लग काढलेला हवा, कपॅसिटर असेल तर तो डिस्चार्ज केलेला हवा आणि रिले बाजूला काढलेला हवा. कॉम्प्रेसरला तीन टर्मिनल असतात : कॉमन, रनिंग आणि स्टार्टिंग. साध्या सिंगल-फेज कॉम्प्रेसरमध्ये कॉमन-रनिंग रेझिस्टन्स सगळ्यात कमी, कॉमन-स्टार्टिंग त्याहून जास्त आणि स्टार्टिंग-रनिंग म्हणजे या दोघांची बेरीज. समजा १२ ओहम, २२ ओहम आणि ३४ ओहम आले, तर वाइंडिंग ठीक आहे. एखादे रीडिंग आलेच नाही तर वायर तुटलेली. टर्मिनल आणि बॉडी यांच्यात रीडिंग दाखवले तर वाइंडिंग बॉडीला लागलेय. मग तो फ्रिज चालू करायचाच नाही. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला मात्र ही टेस्ट लागू नाही. तिथे तिन्ही रीडिंग साधारण सारखीच येतात आणि बिघाड बऱ्याचदा बोर्डात असतो.

तक्रार तिसरी : चालतो, पण गार करत नाही

इथेच "गॅस गेलाय" हे वाक्य ऐकू येते. पण गॅसपर्यंत पोहोचायच्या आधी चार गोष्टी तपासायच्या.

(१) दरवाजाचे रबर, म्हणजे गॅस्केट. दहा रुपयांची नोट दरवाजात धरून दरवाजा लावा आणि नोट ओढा. थोडा जोर लागला तर रबर चांगले. अलगद निघाली तर तिथून गरम हवा आत जातेय. हे चारी बाजूंनी करा. दुसरी युक्ती म्हणजे रात्री घरातले दिवे बंद करून आत पेटती बॅटरी ठेवायची. फटीतून उजेड दिसला की कारण सापडले. रबर मळले असेल तर कोमट साबणपाण्याने पुसा. वाकडे झाले असेल तर गरम पाण्यात कापड भिजवून शेक द्या, बऱ्याचदा ते परत आकारात येते. फाटले असेल तर बदलायलाच हवे.

(२) कंडेन्सरवरची धूळ. आपल्याकडे धुळीला काय तोटा! त्यात साखर कारखान्याच्या आसपास घर असेल तर गळीत हंगामात अंगणात काजळी पडते, ती फ्रिजच्या मागेही जाऊन बसते. जाळीवर धुळीचे पांघरूण बसले तर उष्णता बाहेर पडणार कशी? प्लग काढा, मऊ ब्रशने जाळी साफ करा आणि फ्रिज भिंतीपासून चार बोटे तरी पुढे ठेवा. वर फडके, मागे पेपरची रद्दी, शेजारी गॅसची शेगडी असले काही नको. नव्या फ्रिजमध्ये मागे जाळी दिसत नाही, कंडेन्सर बाजूच्या पत्र्याच्या आत असतो. त्यामुळे बाजूचा पत्रा गरम लागणे हा बिघाड नाही. उलट तो गरम लागतोय म्हणजे उष्णता बाहेर पडतेय.

(३) एकदम भरलेले सामान. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. त्या दिवसांत वाटेवरच्या घरांमध्ये वारकऱ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या, दूध, बर्फ यांनी फ्रीझर ठासून भरतात. समजा ३५ अंशांचे दहा लिटर पाणी ठेवले. ते शून्यापर्यंत गार व्हायला सुमारे १,४७० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. त्याचा बर्फ व्हायला ३,३४० आणि मग उणे १८ पर्यंत न्यायला सुमारे ३८०. एकूण जवळजवळ ५,२०० किलोज्यूल. घरगुती फ्रीझर आतून सेकंदाला १०० ज्यूल, म्हणजे १०० वॅट उष्णता काढतो असे धरले, तरी याला चौदा तासांहून जास्त वेळ लागतो. तोही दरवाजा एकदाही न उघडता! त्यामुळे संध्याकाळी भरून पहाटे बर्फ मागणे हा फ्रीझरवर अन्याय आहे. आदल्या दिवशी थोडे थोडे भरा आणि मध्ये हवेला जागा ठेवा.

(४) थर्मोस्टॅट. उन्हाळ्यात नंबर वाढवावा लागतो, थंडीत कमी. आकडा मोठा म्हणजे थंडी जास्त, हे काही घरांत उलटेच समजतात. शंका असेल तर साधा फ्रिज-थर्मामीटर पाकिटांच्या मध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी वाचा. हाताने अंदाज करण्यापेक्षा हे कधीही बरे.

हे चारही ठीक असेल तर मग गॅसकडे या.

खरंच गॅस गेला असेल तर?

गॅस कमी झाल्याची लक्षणे ठरलेली असतात. कॉम्प्रेसर थांबतच नाही, सतत चालतो. कंडेन्सर जेमतेम कोमट लागतो. इव्हॅपोरेटरच्या सुरुवातीच्या भागात थोडासा बर्फ धरतो आणि बाकीचा भाग कोरडा. जोडाजवळ तेलाचा ओशट डाग दिसतो, कारण गळताना गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर येते. गॅसला वास नसतो, तेल मात्र खूण ठेवून जाते.

अजून एक फसवे दुखणे म्हणजे 'चोक'. सिस्टिममध्ये पाण्याचा अंश राहिला तर तो कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो आणि वाट बंद करतो. फ्रीझर गार व्हायचे थांबतो. मग बर्फ वितळतो, वाट मोकळी होते आणि पुन्हा गारवा येतो. म्हणजे 'कधी गार, कधी नाही' असे आलटूनपालटून होते. यावर नुसता गॅस भरून उपयोग नाही. ड्रायर बदलून, पूर्ण व्हॅक्युम करून मगच गॅस भरावा लागतो.

भिगवणजवळच्या एका गावात आमच्या ओळखीच्या एक काकू उन्हाळ्यात घरच्या डीप फ्रीझरवर गारेगार आणि बर्फ विकतात. त्यांचा वर्षाचा किराणा त्या तीन महिन्यांवर निघतो. त्यांच्याकडे एकाच उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला गेला. दुसऱ्या वेळचा संवाद ऐकण्यासारखा होता.

"काकू, गॅस गेलाय. भरावा लागंल."

"अरे, पाडव्याला तर भरला होतास की! एवढ्यात गेला कुठं?"

"आता उन्हाळाय काकू. जातो लवकर."

उन्हाने गॅस जात नाही! पहिल्या वेळी गळती शोधलीच नव्हती, म्हणून भरलेला गॅस त्याच भोकातून निघून गेला. शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिकने प्रेशर टेस्ट घेतली तेव्हा मागच्या जोडात बारीक भोक निघाले. ते बुजवले आणि तक्रार संपली. पण ऐन सीझनचे पंधरा दिवस आणि दोन वेळचे पैसे गेले ते गेलेच. म्हणून मेकॅनिक गॅस म्हणाला की हे पाच प्रश्न नम्रपणे विचारा.

• गळती नेमकी कुठे आहे? मला दाखवा.
• नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने प्रेशर टेस्ट करणार ना?
• फिल्टर-ड्रायर नवीन टाकणार ना?
• व्हॅक्युम पंप आणलाय का आणि तो किती वेळ लावणार?
• गॅस वजन करून भरणार ना? कुठला आणि किती ग्रॅम ते मागच्या नेमप्लेटवर लिहिलेले असते.

जो चांगला कारागीर आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट तो खूश होतो. आणि हो, बिलावर गॅसचे नाव, वजन आणि तारीख लिहून घ्या.

गॅसच्या नावावरून थोडे अवांतर. जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ असायचा. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने तो टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले. भारत या करारात १९९२ साली सामील झाला. त्यानंतर आर-१३४ए आला. तो ओझोनला त्रास देत नाही, पण वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून पुढे आहे. म्हणून नव्या घरगुती फ्रिजमध्ये बहुतेक वेळा आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन असतो. तो पर्यावरणाला बरा, पण पेटणारा आहे! घरच्या एलपीजीचाच भाऊबंद. त्यामुळे नेमप्लेटवर 'आर-६००ए' असेल तर बंद स्वयंपाकघरात नळी कापून लगेच टॉर्च पेटवणाऱ्या माणसाला थांबवा. आधी खिडक्या उघडायच्या, गॅस सुरक्षितपणे काढायचा, जवळ काहीही पेटते ठेवायचे नाही आणि हे काम त्याच गॅसची माहिती असलेल्यानेच करायचे. एका गॅसच्या जागी दुसरा भरणे हेही चुकीचेच. कॉम्प्रेसर, तेल आणि कॅपिलरी त्या-त्या गॅससाठी ठरवलेले असतात.

तक्रार चौथी : बर्फाचा डोंगर

साध्या, म्हणजे डायरेक्ट कूल फ्रिजमध्ये बर्फ साचणे नैसर्गिक आहे. दरवाजा उघडला की हवेतला ओलावा आत जातो आणि गोठतो. घरातल्यांना वाटते, जेवढा बर्फ जास्त तेवढा फ्रीझर जोरात! खरे म्हणजे उलट आहे. ॲल्युमिनियममधून उष्णता झरझर वाहते. घट्ट बर्फातून ती त्याच्या जवळजवळ शंभराव्या हिश्शानेच वाहते आणि भुसभुशीत हिमातून त्याहूनही कमी. म्हणजे बर्फाचा थर हे फ्रीझरने अंगावर घेतलेले घोंगडे आहे. थर अर्धा सेंटीमीटर झाला की डीफ्रॉस्ट करा.

पण कसे? सुरी, उलथने, स्क्रू ड्रायव्हर अजिबात नाही! सिंगल डोअर फ्रिजमधला तो कप्पा म्हणजेच इव्हॅपोरेटर असतो. त्याच्या पातळ पत्र्यातच गॅसची वाट असते. सुरीचे एक टोक लागले की 'फुस्स्' आणि मग खराच गॅस गेला. त्यापेक्षा बटण दाबा किंवा प्लग काढा, दरवाजा उघडा ठेवा, आत कोमट पाण्याचे भांडे ठेवा आणि खाली जुने फडके टाका. तासाभरात काम होते.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ दिसायलाच नको. तिथे मागच्या पॅनलआड कॉइल असते आणि तिच्यावरचा बर्फ ठराविक वेळाने हीटर वितळवतो. वर फ्रीझर ठीक आहे पण खालचा कप्पा गरम, अशी तक्रार असेल तर हीटर, बायमेटल, सेन्सर किंवा टायमर यांपैकी काहीतरी गेलेय आणि पॅनलआड बर्फ साचून हवेची वाट बंद झालीय असे समजा. तपासायला सोपे आहे. सामान काढून, प्लग काढून, दरवाजा उघडा ठेवून एक अख्खा दिवस बर्फ वितळू द्या. चालू केल्यावर आठवडाभर छान चालला आणि पुन्हा तेच झाले, तर डीफ्रॉस्टचाच बिघाड. यात गॅस भरायचा संबंधच नाही!

तक्रार पाचवी : खाली पाणी, आणि नको ते आवाज

फ्रिजमधून पाणी येत असेल तर ड्रेन होल तुंबलेय. कोथिंबिरीची काडी, मिरचीचे देठ, काहीही अडकते. कोमट पाणी सोडा, मऊ प्लॅस्टिकची नळी घालून मोकळे करा. मागचा पाण्याचा ट्रे महिन्यातून एकदा ओता, नाहीतर तिथे डास आणि वास दोन्ही!

आवाजाचे म्हणाल तर 'कट्' असा आवाज प्लॅस्टिक आकसण्या-प्रसरण्याचा, 'खळखळ' किंवा 'सूं' आवाज गॅस वाहण्याचा. दोन्ही नॉर्मल. 'खडखड' असेल तर फ्रिज लेव्हलमध्ये आहे का बघा. आपल्या शहाबादी फरशा कुठे सपाट असतात! फ्रॉस्ट-फ्रीमध्ये 'टर्रर्र' आला तर पंखा बर्फाला घासतोय, म्हणजे चौथी तक्रार परत वाचा. आणि मागे उंदराने वायर कुरतडलीय का तेही प्लग काढून बघा, विशेषतः वस्तीवर.

तक्रार सहावी : हात लावला की मुंग्या येतात

ही तक्रार हसण्यावारी नेऊ नका. "थोडासा करंट मारतो, चालायचंच" असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. नाही चालायचे! ओली फरशी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेला लोखंडी दरवाजा, यात जीव जातो. ताबडतोब मेन स्विच बंद करा, मग प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. थ्री-पिन प्लगची जाडी पिन अर्थिंगची असते. ती कापून टू-पिनमध्ये घुसवणे म्हणजे आपणच संरक्षण काढून टाकणे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळाला की तो क्षणार्धात तुटतो. आणि घरातले सगळे बल्ब अचानक खूप प्रखर झाले तर न्यूट्रल तुटलेला असू शकतो. पहिले काम म्हणजे मेन स्विच बंद. मग महावितरणला १९१२ वर फोन.

लाईट गेली तर आतल्या अन्नाचे काय?

आपल्या आई-वडिलांनी २००५ नंतरची लोडशेडिंगची वर्षे काढलीत. बारा-बारा तास लाईट नसायची. आता तसे नसले तरी वळवाच्या पावसात एखादा पोल पडला की रात्र जातेच.

नियम पहिला : दरवाजा उघडायचा नाही. पूर्ण भरलेला स्वतंत्र डीप फ्रीझर बंद ठेवला तर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास अन्न गोठलेले ठेवतो. फ्रिजमधला छोटा कप्पा एवढा टिकत नाही आणि खालचा साधा कप्पा तर चारच तास. चाळीस अंशांच्या खोलीत हे आकडे आणखी कमी धरा.

नियम दुसरा : रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरा (पूर्ण भरू नका, बर्फ फुगतो). एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. त्याला सुप्त उष्णता म्हणतात. पाच बाटल्या म्हणजे १,६७० किलोज्यूल. फ्रीझरच्या भिंतींतून ४० वॅट उष्णता आत येते असे धरले तर या पाच बाटल्या साडेअकरा तास तग धरतात. आपल्याकडे रात्रभर लाईट नसण्याचे उत्तर पाच रिकाम्या बाटल्यांत आहे!

नियम तिसरा : गावाला जाताना वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपया ठेवा. परत आल्यावर रुपया वरच असेल तर ठीक. तळाशी गेला असेल तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठलेय. मग ते मासे आणि मटण घरात शिजवू नका, वास आला नाही तरीसुद्धा. आणि घरात कुणाला इन्सुलिन असेल तर ते फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नका. ते २ ते ८ अंशांत, म्हणजे खालच्या कप्प्यात. एकदा गोठले की टाकून द्यावे लागते.

थोडक्यात

१. आधी प्लग, सॉकेट, व्होल्टेज.
२. मग दरवाजाचे रबर आणि मागची धूळ.
३. मग सामान किती आणि कधी भरले ते.
४. मग बर्फाचा थर.
५. गॅस सगळ्यात शेवटी, आणि गळती दाखवल्याशिवाय नाही.
६. मुंग्या आल्या तर यातले काहीच नाही, सरळ मेन स्विच!

हे सहा मुद्दे कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवा. पुढच्या वेळी फ्रीझर रुसला की आई तुमच्याकडे बघेल, तेव्हा छताकडे न बघता दहा रुपयांची एक नोट मागून घ्या. तपासणी तिथूनच सुरू होते. आणि नोट परत द्यायला विसरू नका!